‘कास्ट अवे’मधले घड्याळ

परवा पुतण्याच्या घरी जेवणे झाल्यावर ‘कास्ट अवे’ या इंग्रजी चित्रपटाचा विषय निघाला आणि जमलेल्या सात-आठ जणांपैकी प्रत्येकाला त्यातला व्हॉलीबॉल तेवढा आठवत होता. निर्जन बेटावर एकटा अडकलेला माणूस चेंडूला नाव ठेवतो, त्याच्याशी बोलतो, भांडतो आणि शेवटी तो समुद्रात वाहून गेल्यावर ओक्साबोक्शी रडतो, एवढ्यावर सगळ्यांचे एकमत झाले आणि विषय संपला. मला ते लागले. त्या चेंडूबद्दल माझी काहीच तक्रार नाही, उलट त्या प्रसंगात मीही प्रत्येक वेळी रडलो आहे. परंतु हा चित्रपट मुळात वेळेबद्दलचा आहे असे माझे ठाम मत आहे, आणि जिथे माणसे आठ बाराची लोकल चुकली तर दिवस बिघडला असे समजतात, त्या आपल्या मुंबईत तरी तो तसा पाहिला जावा असे मला मनापासून वाटते.

मी उपनगरी रेल्वेत गार्ड होतो. आता या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण मी ३१ जानेवारी २०२० रोजी निवृत्त झालो तो गार्ड म्हणूनच. प्रत्येक स्थानकावर वीस-तीस सेकंदांचा थांबा, फलाटावर नजर, मोटरमनला दोन घंटा, पुन्हा पुढचे स्थानक, असे माझे सगळे आयुष्य सेकंदांत कापलेले होते. म्हणूनच चित्रपटाच्या सुरुवातीचा मॉस्कोतला प्रसंग मला फार जवळचा वाटतो. चक नोलंड हा चित्रपटाचा नायक, फेडेक्स या कुरियर कंपनीचा अधिकारी, तिथल्या कर्मचाऱ्यांना वेळेचे महत्त्व समजावून सांगत असतो आणि त्याने स्वतःच अमेरिकेतल्या मेम्फिसहून स्वतःच्या नावे पाठवलेले पार्सल सर्वांसमोर फोडतो. आत एक चालू घड्याळ निघते आणि त्यावर ८७ तास उलटून गेलेले असतात. त्याचा तो संताप पाहून माझ्या बायकोला हसू आले होते, मला मात्र त्यात अतिशयोक्ती वाटली नाही, कारण गाडी चार मिनिटे लेट झाली की माझ्याही पोटात असेच कालवत असे.

पुढे नाताळच्या जेवणाच्या टेबलावरून त्याला कामाचे बोलावणे येते. विमानतळावर गाडीतच भेटींची देवाणघेवाण होते आणि त्याची प्रेयसी केली त्याला तिच्या आजोबांचे खिशातले घड्याळ देते, ज्याच्या झाकणात तिचा फोटो आहे. लगेच परत येतो असे सांगून तो जातो. विमान पॅसिफिक महासागरात कोसळते आणि बेटाच्या किनाऱ्यावर लागल्यावर कळते की ते घड्याळ बंद पडले आहे. सेकंद मोजणाऱ्या माणसाकडे आता फक्त न चालणारे घड्याळ आणि एक फोटो उरतो.

यानंतरचा एक प्रसंग बहुतेकांच्या लक्षात राहत नाही, पण मला तो या चित्रपटाचा कणा वाटतो. चक दगडावर गणित मांडतो. वादळाला वळसा घालताना विमानाचा संपर्क सुमारे तासभर तुटला होता, वेग ताशी ४७५ मैलांच्या आसपास, म्हणजे विमान अंदाजे ४०० मैल भरकटले असणार. चारशेचा वर्ग गुणिले ३.१४, म्हणजे शोध घेण्याचे क्षेत्र ५ लाख चौरस मैलांहून अधिक. तो म्हणतो की हे टेक्सासच्या दुप्पट झाले. आपल्या हिशेबाने पाहिले तर महाराष्ट्रासारखी चार राज्ये मावतील एवढा समुद्र. ज्या एका तासाला तो एरवी एका पार्सलचा उशीर म्हणाला असता, त्याच तासाने त्याला जगाच्या नजरेआड केले. वेळ आणि वेग यांचा गुणाकार मी नोकरीत हजारो वेळा केला आहे, पण त्याचे उत्तर कोणाला आपण कधीच सापडणार नाही असे सांगून जाते, हे मी दुसरीकडे कुठेही पाहिलेले नाही.

दिग्दर्शक रॉबर्ट झेमेकिस यांचा सर्वांत धाडसी निर्णय मला संगीताबाबतचा वाटतो. चक बेटावर असेपर्यंत पार्श्वसंगीताचा एक सूरही येत नाही. लाटा, वारा, पाऊस, झावळ्यांची सळसळ आणि त्याचा स्वतःचा आवाज, याखेरीज काही नाही. अॅलन सिल्व्हेस्ट्री यांचे संगीत सुरू होते ते तराफा मोठ्या लाटा ओलांडून बाहेर पडल्यावर, बेट मागे राहिल्यावर. आता मनाला काय वाटायला हवे हे सांगणारे कोणीच नसल्यामुळे प्रेक्षकालाही त्या शांततेत चकच्या शेजारी बसून राहावे लागते, आणि तिथेच वेळ जड होत जातो.

ही शांतता मला खऱ्या अर्थाने कळली ती २०२० मध्ये. निवृत्तीला दोन महिनेही झाले नव्हते, बायको मुलीच्या बाळंतपणासाठी चिपळूणला गेली होती, आणि मार्चच्या २३ तारखेपासून लोकल बंद झाल्या. माहीमच्या आमच्या घरातून रुळांचा आवाज रात्रीचे दोन-तीन तास सोडले तर सतत येतो आणि तो इतकी वर्षे माझ्या कानांत होता की तो आवाज आहे हेच मी विसरलो होतो. तो थांबल्यावर घर परके वाटू लागले. माझी आणि बेटावरच्या माणसाची तुलना होऊ शकत नाही. माझ्याकडे दूध येत होते, डाळ-तांदूळ होते, रोज संध्याकाळी मुलीचा फोन येत होता. पण आज कोणता वार आहे हे मला खरोखरच आठवेनासे झाले होते.

त्याच दिवसांत मी हा चित्रपट पुन्हा पाहिला आणि गुहेतल्या त्या दृश्यापाशी थांबलो, जिथे छिद्रातून येणाऱ्या सूर्यकिरणाच्या जागा चकने भिंतीवर नोंदवून वर्षाचे कॅलेंडर तयार केलेले दिसते. आमच्या दक्षिणेकडच्या खिडकीतून दुपारी मोझॅकच्या लादीवर कवडसा पडतो. साडेबारा वाजून गेल्यावर, तो सर्वांत आखूड असताना, मी दर रविवारी पेन्सिलीने त्याच्या कडेवर रेघ मारू लागलो. आठवड्याला दोन-तीन बोटे तो भिंतीकडे सरकत होता. मेच्या मध्यास मुंबईत सूर्य भरदुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायांखाली जाते. त्याच्या कितीतरी आधीच माझा कवडसा खिडकीच्या चौकटीत शिरून नाहीसा झाला. इतकी वर्षे या घरात राहून मला तो सरकतो हेच ठाऊक नव्हते, कारण दुपारी साडेबाराला मी कधी घरी नसायचोच, आणि सुट्टी असली तरी झोपलेला असायचो.

आमच्या मागे कोळीवाड्यात राहणारे एक नाखवा माझे जुने स्नेही आहेत. त्यांना फोनवर हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “गार्डसाहेब, आमचं घड्याळ पहिल्यापासून आभाळातच आहे.” मग त्यांनी मला तिथीचा हिशेब समजावला. तिथीला पाऊणने गुणायचे की पूर्ण भरतीची वेळ मिळते; चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. भरती रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते, पौर्णिमा-अमावस्येला उधाण येते आणि अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे सर्वांत कमी चढणारी, भरती असते. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असतात, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला जातो, आणि वारा फिरल्याशिवाय कोणीही शहाणा माणूस होडी लोटत नाही. हे ऐकताना मला चकच्या सुटकेचे रहस्य उलगडले. चार वर्षांनी तो सुटतो तो केवळ जिद्दीमुळे नव्हे. एकदा तो घाईने निघतो आणि लाटा त्याला प्रवाळावर आपटून, पाय फाडून परत पाठवतात. दुसऱ्या वेळी तो उधाणाची भरती आणि किनाऱ्यावरून बाहेर वाहणारा वारा कधी एकत्र येतील याचा हिशेब करतो, किती दोर लागेल ते मोजतो, वाहत आलेल्या प्लास्टिकच्या पत्र्याचे शीड करतो आणि तोवर थांबतो. मॉस्कोत ८७ तासांसाठी संतापणाऱ्या माणसाने वाऱ्याची वाट पाहायला शिकणे, ही मला जगण्याच्या युक्त्यांपेक्षा मोठी गोष्ट वाटते. खुद्द चित्रपटानेही वाट पाहिली आहे. फिजीतल्या मोनुरिकी बेटावरचे चित्रीकरण थांबवून चकची भूमिका करणाऱ्या टॉम हँक्स यांना दाढी-केस वाढवायला आणि सुमारे ५० पौंड वजन उतरवायला जवळजवळ वर्षभर अवधी दिला गेला.

त्या कुरियर कंपनीचे नाव पडद्यावर इतक्या वेळा येते की जाहिरात पाहिल्यासारखे वाटते, हा आक्षेप मला मान्य आहे. मात्र परतीनंतरचा भाग कंटाळवाणा आहे, तो कापायला हवा होता, हे मला अजिबात मान्य नाही. स्वागताच्या मेजवानीनंतर सगळे निघून गेल्यावर चक टेबलावरचा लायटर हातात घेऊन पेटवतो, विझवतो, पुन्हा पेटवतो. तळहात सोलून निघेपर्यंत लाकडावर लाकूड घासून मिळवलेली ती आग आता अंगठ्याच्या एका दाबात येते, आणि तो काहीही बोलत नाही. केलीने त्याच्याबरोबर निघून जायला हवे होते असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच विचारतो की तिची चार वर्षे कोणत्या हिशेबात धरायची. तिने त्याच्यासाठी शोक केला, लग्न केले, तिला मुलगी झाली. बेटावरचे घड्याळ थांबले होते, मेम्फिसमधले थांबले नव्हते, आणि हे दोघांनाही पूर्ण कळते म्हणूनच पावसातला तो निरोप इतका जिव्हारी लागतो.

त्याच रात्री तिच्या घरी चक ते आजोबांचे घड्याळ तिला परत देतो, कारण ती तिच्या घराण्याची वस्तू आहे. फोटो मात्र तो ठेवून घेतो. तो आता पार फिका पडलेला असतो.