‘तशीही पडीकच जमीन’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

सर, तुमची प्रतिक्रिया वाचून लगेच लिहायला बसलो असतो तर भाषा घसरली असती, म्हणून जरा थांबलो. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की अणुभट्टीतला कचरा जमिनीत खोल पुरायची जागा कधी शोधायची वेळ आली, तर आधी खडक बघा, मग गावाला विचारा, आणि दख्खनच्या बेसॉल्टचा नाद करू नका. मराठवाड्यात असा प्रकल्प येतोय असं मी कुठंही म्हटलं नव्हतं. त्यावर तुम्ही म्हणता की मी किल्लारीचं भावनिक भांडवल करतोय, मी काही जिओलॉजिस्ट नाही, फिनलंडने करून दाखवलंय, बेसॉल्टच्या खाली आपल्याकडेही ग्रॅनाइट आहेच, लायगोसाठी, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या यंत्रासाठी, हिंगोली निवडली म्हणजे इथली जमीन शांत आहे. आणि शेवटी, "तशीही मराठवाड्यात जमीन पडीकच आहे, पिकतंय काय तिथं, निदान देशाच्या कामाला तरी येईल. अभ्यास वाढवा."

ग्रॅनाइटचं मान्य. भूकंपानंतर किल्लारीला शास्त्रज्ञांनी खोल बोअर घेतलं तेव्हा साधारण 340 मीटर बेसॉल्ट संपल्यावर खाली जुना ग्रॅनाइटी खडक लागला, हे खरंय आणि ते तुम्ही बरोबर लिहिलंत. पण ते एवढ्या उर्मट सुरात लिहायची काय गरज होती हे मला कळलं नाही. मतभेद असू द्या की, मी कुणाला अडवत नाही, पण ओळखदेख नसताना "अभ्यास वाढवा" हे आमच्याकडं घरातल्या लहान पोरालाही चारचौघांत कुणी म्हणत नाही.

आता ते पडीक जमिनीचं. तुमच्यासाठी ते जाता जाता टाकलेलं वाक्य असेल, मला मात्र सगळ्यात जास्त तेच लागलं आणि मी त्याच्यावरच बोलणार आहे. लातूरच्या अडतीवर तुरीचा आणि सोयाबीनचा भाव काय निघाला हे राज्यभरातले व्यापारी बघतात, ती तूर काय आभाळातून पडते का? जालन्याची मोसंबी कुठल्या जमिनीत येते? पाऊस दगा देतो म्हणून आमचा माणूस अडचणीत येतो, जमीन पडीक आहे म्हणून नाही.

आणि पाऊस दगा देतो म्हणूनच तुमचं म्हणणं शास्त्राच्या बाजूनंही टिकत नाही. माझ्या वडिलांनी बोअरच्या गाडीवर हयात घालवली, आधी मजूर म्हणून आणि पुढं एजंट म्हणून. सुट्टीत मी त्यांच्यासोबत जायचो. वर येणाऱ्या भुकटीचा रंग बघून ते सांगायचे, राखाडी आली की काळा पाषाण, तांबडी आली की दोन थरांच्या मधला गेरू, पांढरे ठिपके दिसले की मांजऱ्या. बेसॉल्ट म्हणजे काही एकसंध शिळा नव्हे, लाव्हाचे थर एकावर एक बसलेत आणि पाणी त्या थरांच्या सांध्यांतून आणि भेगांतून फिरतं. एका शेतात सहाशे फुटांवर नुसती धूळ आणि बांधापलीकडं दोनशे फुटांवर दोन इंची पाणी, हे इथल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. वडील म्हणायचे, "खाली काय हाय ते वरून कुणाला कळतंय रं." तुम्ही मला जिओलॉजिस्ट नाही म्हणालात, नाहीच आहे मी, पण भूगर्भातलं पाणी कसं वागतं हे मी चिखलात उभं राहून बघितलंय. पुरलेल्या कचऱ्याचा खरा धोका स्फोटाचा नसतोच, पाण्याचा असतो. पाणी डब्यापर्यंत पोचलं, डबा गंजला आणि तेच पाणी हळूहळू वर आलं तर संपलं. म्हणून तर फिनलंडवाले आधी तांब्याचा डबा, त्याच्याभोवती पाणी लागलं की फुगणारी बेंटोनाइट माती आणि त्याच्याभोवती खडक असं करतात.

आणि खोली किती? फिनलंडचं कचरा पुरायचं भुयार, ओन्कालो, चारशे ते साडेचारशे मीटर, म्हणजे तेराशे फुटांच्या पुढं. आमच्या भागात आजच सातशे-आठशे फुटांची बोअरं होतायत. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात माणसं कर्ज काढून बोअर घेत होती. कचऱ्यातलं प्लुटोनियम-239 निम्मं व्हायला 24,100 वर्षं लागतात. एवढ्या काळात पाण्यासाठी कुणी चुकून खाली शिरणार नाही अशी जागा बघायची असते, जागा निवडायच्या निकषांतच ते येतं. जिथं लोक पाण्यासाठी दरवर्षी आणखी खोल जातायत ती जागा तुम्ही पडीक आहे म्हणून सुचवताय, सर!

किल्लारी मी भावनेसाठी आणत नाही, आणि आणली तरी तो माझा हक्क आहे. आमचं गाव औसा तालुक्यातलं. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक दमून झोपलेले, 3 वाजून 56 मिनिटांनी जे झालं त्यात माझ्या आईच्या माहेरची माणसं गेली. त्यांची नावं इथं लिहिणार नाही. पण तुमच्या मुद्द्यापुरतं एवढंच बघा की त्या दिवसापर्यंत सरकारी नकाशात हा भाग झोन एकमध्ये होता, म्हणजे देशातला भूकंपाचा सगळ्यात कमी धोका. 1992 च्या ऑक्टोबरातच धक्के बसले होते, तरी नकाशा तोच. झोन तीनमध्ये टाकलं ते 2002 साली. म्हणून कुणी म्हणालं की इथली जमीन शांत आहे तर मी विचारणारच, किती वर्षांच्या नोंदीवरून म्हणता? हिंगोलीलाही 2024 च्या मार्चमध्ये आणि जुलैमध्ये साडेचार रिश्टरचे धक्के बसलेत. लायगोला यंत्र चालेल एवढ्या काळाची शांतता लागते आणि ते यंत्र जरूर यावं, औंढ्याच्या पोरांचं भलं होईल. पण कचऱ्याला लागणारी शांतता ही नव्हे.

राहिलं फिनलंड. फिनलंडचं नाव सगळे घेतात, त्यांनी ते कसं केलं हे कुणी सांगत नाही. 1983 पासून त्यांनी सगळा देश चाळला, शेवटी चार जागांचा बारकाईनं अभ्यास केला, आणि रिकामीच जमीन हवी असती तर वर लॅपलँड पडलेला होता की. त्यांनी निवडलं ओल्किलुओतो, जिथं भट्ट्या आधीपासून चालू होत्या आणि एउरायोकीच्या लोकांना त्या माहीत होत्या. त्या गावाच्या कौन्सिलला कायद्यानं नकार द्यायचा अधिकार होता. जानेवारी 2000 मध्ये मतदान झालं, 20 विरुद्ध 7, आणि मग संसदेनं 2001 मध्ये मंजुरी दिली. स्वीडनमध्ये फोर्समार्कच्या जागेलाही आधी तिथल्या ओस्टहामरच्या कौन्सिलनं 2020 ला होकार दिला, सरकारचा 2022 ला आला.

आणि तुमच्यासारखा विचार जिथं केला तिथलं बघा. अमेरिकेनं 1987 मध्ये कायदा बदलून बाकीच्या जागा बाजूला सारल्या आणि नेवाडाच्या वाळवंटातला युक्का डोंगर एकटाच ठेवला. राज्यानं नकार दिला तो 2002 ला काँग्रेसनं फिरवला. आजपर्यंत तिथं कचऱ्याचा एक डबा गेलेला नाही. जर्मनीनं 1977 मध्ये पूर्व जर्मनीच्या सीमेला लागून असलेलं विरळ वस्तीचं गोरलेबेन निवडलं, चाळीस-बेचाळीस वर्षं लोक रस्त्यावर बसले, 2020 ला ती जागा यादीतून गेली. वस्ती कमी, बोलणारं कोण, असा हिशोब करून सुरुवात केली की काम अडतंच, कारण तिथं माणसं असतात.

बाकी तुम्ही विकासविरोधी वगैरे म्हणालात त्याला मी उत्तर देत नाही. जमिनीवर ठेवणं जास्त धोक्याचं नाही का, हा तुमचा प्रश्न ठीक आहे, पण त्याला घाई लागत नाही. आपल्याकडं तारापूर, तुर्भे (ट्रॉम्बे) आणि कल्पाक्कमला हा कचरा काचेत बंद करतात आणि थंड होईस्तोवर बरीच वर्षं देखरेखीखाली ठेवावाच लागतो. कोलारच्या सोन्याच्या खाणीत 1980 च्या दशकात हजारेक मीटर खाली खडक तापवून बघायचे प्रयोग झालेत, तसे आणखी होऊ द्या, त्याला माझा कधीच विरोध नव्हता. पण जागा शोधायला निघायच्या आधी गावाला नकाराचा अधिकार कायद्यात लिहून द्या, एउरायोकीला होता तसा. पर्याय विचारलात ना, हा माझा पर्याय.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. पडीक जमिनीचं ते वाक्य तुम्हाला मागं घ्यावंसं वाटलं तर लिहा, तेही छापेन. नसेल घ्यायचं तर पुढच्या वेळी निदान लातूरला या, आमच्या अडतीवर घेऊन जातो.