‘वय झालंय’ म्हणजे नेमकं काय झालंय?

गेल्या आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर, लिफ्ट बंद असल्याच्या सूचनेखाली, एक मेसेज येऊन पडला. ‘म्हातारं मांजर आपल्याला काय सांगतं?’ वर जोडलेले हात, खाली गुलाबाचं फूल. संध्याकाळी तोच माहेरच्या ग्रुपवर आला आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या एकीने मुद्दाम मला पाठवला, ‘तुझ्या चिंगीसाठी’ म्हणून.

मजकूर थोडक्यात असा. मांजराचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात. म्हातारं मांजर रात्री रडतं, कारण त्याला पुढचं दिसायला लागतं. घरात भलतीकडे मुततं ते डूख धरून. खाऊनही वाळतं ते वयाने, आणि पाणी खूप पितं ते चांगलंच. उड्या मारणं सोडतं कारण ते समंजस होतं. दुखत असतं तर ओरडलं नसतं का? फारच मलूल वाटलं तर पॅरासिटामॉलचा पाव तुकडा दुधातून द्यावा. शेवटी ते कोपरा धरतं, तो निरोप असतो, त्याला छेडू नये. आणि समारोप: ‘वयाला औषध नसतं.’

खाली पंधरा जणांनी हात जोडले होते. मी जोडले नाहीत, कारण या मेसेजमधलं जवळजवळ प्रत्येक वाक्य मी एकेकाळी खरं मानलं होतं आणि त्याची किंमत आमच्या बोक्याने मोजली.

सातच्या पाढ्याचं आधी उरकून टाकते. पहिल्या वर्षातच मांजर माणसाच्या साधारण पंधराव्या वर्षापर्यंत पोचतं, दुसऱ्याच्या शेवटी चोविसाव्या. त्यापुढे वर्षाला चार धरायची. म्हणजे १५ वर्षांचं मांजर साधारण शहात्तरीचं, एकशे पाच वर्षांचं नव्हे. फरक एवढ्यासाठी सांगितला की एकशे पाच म्हटलं की माणूस हात टेकतो. शहात्तर वर्षांच्या आजीला मात्र आपण डॉक्टरकडे नेतोच.

आता रडण्याकडे येते. गुंड्या तेरा वर्षांचा असताना आम्ही परळच्या चाळीत राहत होतो. रात्री तीन-साडेतीनला तो गॅलरीत जाऊन असा काही गळा काढायचा, की पलीकडच्या खोलीतले आजोबा काठी आपटायचे. मांजर रडलं की घरातलं कुणीतरी जातं, हे चाळीत सगळ्यांना ठाऊक. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. दिवसा हाच बोका राक्षसासारखा खायचा. सकाळचं मासळीचं वाटप झालं की पुन्हा अर्ध्या तासात ताटलीपाशी हजर, आणि तरी पाठीचा कणा हाताला लागत होता. मी त्याला एका डॉक्टरकडे नेलं. त्यांनी वजन केलं नाही, गळ्याला हात लावला नाही. म्हणाले, “अहो ताई, वय झालंय त्याचं. खातोय ना? मग कसली काळजी!”

तीन आठवड्यांनी एका सकाळी गुंड्या चालत येऊन दाराच्या चौकटीवर आपटला. मागे सरला, पुन्हा आपटला. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं आणि त्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या रात्रीसारख्या काळ्याभोर, वाटोळ्या. मी बोट हलवलं, पापणीही लवली नाही.

दुसऱ्या डॉक्टरांनी बीपी मोजलं. मांजरांचं बीपी मोजतात हेच मला तोवर माहीत नव्हतं. पायाला किंवा शेपटीला छोटासा पट्टा बांधून मोजतात, आणि टॅक्सीतून आलेल्या मांजराचं बीपी घाबरल्यानेही वाढलेलं असतं म्हणून आधी थोडा वेळ शांत बसू देतात. गुंड्याचं इतकं चढलं होतं की डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता. मूळ कारण गळ्यात होतं: थायरॉइड ग्रंथी वाढून जास्त काम करत होती. म्हाताऱ्या मांजरांत हा आजार काही दुर्मीळ नाही. शरीराचं इंजिन सतत जोरात चालू, म्हणून भूक प्रचंड, वजन घटतं, हृदय धडधडतं, स्वस्थ बसवत नाही, रात्री ओरडणं. तो ‘पुढचं’ पाहत नव्हता हो, त्याला समोरचंही दिसेनासं होत होतं. थायरॉइडवर गोळी आहे. बीपीवर माणसांना देतात तीच अम्लोडिपीन असते, मात्रा अर्थात डॉक्टर ठरवतात. लवकर सुरू झाली तर कधी कधी थोडी नजर परत येते. गुंड्याची आली नाही. पुढचे आठ महिने तो भिंतीला मिशा लावून चालायचा.

रात्रीच्या ओरडण्याला आणखीही कारणं असतात. कान गेले की मांजराला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, मग पट्टी चढते. दुखणं असतं. आणि हो, म्हातारचळही असतो. त्याला हसायचं कारण नाही, कारण म्हाताऱ्या मांजरांच्या मेंदूत अल्झायमरच्या रुग्णांमध्ये दिसतात तशा प्रथिनांचे थर सापडलेले आहेत. एका पाहणीत ११ ते १४ वर्षांच्या २८ टक्के मांजरांत आणि १५च्या पुढच्या निम्म्या मांजरांत या प्रकारचा किमान एक तरी बदल दिसला होता: ओळखीच्या घरात गोंधळणं, दिवसा झोपून रात्री येरझाऱ्या, आत्ताच खाल्लेलं विसरून पुन्हा मागणं. पण हे निदान सगळ्यात शेवटी करायचं असतं. थायरॉइड, मूत्रपिंड, बीपी, दुखणं, डोळे, कान हे सगळं तपासून झाल्यावर जे उरतं ते म्हातारचळाच्या खात्यावर टाकायचं. मेसेज नेमका उलटा चालतो.

डूख धरण्याचा मुद्दा मला सगळ्यात जास्त झोंबला, कारण चिंगीवर मी स्वतः हाच आरोप केला होता. चाळ पाडायला गेली तेव्हा आम्ही चौदाव्या मजल्यावरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये आलो, आणि महिन्याभरात ही बाई ट्रेच्या बाहेर, बरोबर वीतभर अंतरावर मुतायला लागली. घर बदललं म्हणून सूड घेतेय, असं मी सगळ्यांना हसत सांगत होते. एक दिवस फरशीवर बसून नीट पाहिलं. ती ट्रेपाशी आली, पुढचे दोन पाय आत टाकले आणि थांबली. मागचा उजवा पाय उचलला, ट्रेच्या काठाला अडकला, खाली ठेवला. पुन्हा उचलला. मग तशीच, पुढून आत आणि मागून बाहेर, बसली. तिच्या हिशेबाने ती ट्रेमध्येच होती!

काठ जेमतेम सहा इंच उंच होता. सुरी तापवून ट्रेची एक बाजू खाली दीड इंचापर्यंत कापली, कड कानशीने घासली. त्या दिवसापासून सूड संपला.

मांजराला राग येतो, भीती वाटते, नव्या घरात ते बावरतं, हे सगळं खरं. ज्याची नजर अधू झालीय ते मांजर जुन्या घरात पाठांतरावर चालत असतं. पुनर्विकासात आपलं सामान हलतं, त्याचं पाठांतरच पुसलं जातं. पण ‘ही मला सोडून चार दिवस गावी गेली, आता हिच्या गादीवर मुतते’ असा बेत मांजर रचत नाही. मूत्राशयाला सूज असेल, बद्धकोष्ठ असेल, लघवीच इतकी होत असेल की ट्रेपर्यंत दम निघत नाही, किंवा ट्रे वॉशिंग मशीनच्या धडधडाटाशेजारी असेल. नाक घासणं, चापट मारणं यातून एवढंच होतं की ते यापुढे तुमच्या नजरेआड, पलंगाखाली मुततं. आणि एक वेगळी सूचना, म्हाताऱ्या-तरुण सगळ्या बोक्यांसाठी: बोका सारखा ट्रेत बसतोय, कण्हतोय आणि थेंब येत नाही, तर सकाळची वाट पाहू नका. लघवी अडली की दीड-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

‘पाणी खूप पितं ते चांगलंच.’ माणसांना सांगून सांगून आपल्याला ही सवय लागलीय. मांजराचे पूर्वज कोरड्या मुलखातले. पाणी कमी प्यायचं आणि लघवी घट्ट करायची, अशी त्याच्या मूत्रपिंडांची घडण. ती घट्ट करण्याची ताकद जाते तेव्हा मूत्रपिंडांचा साधारण दोन तृतीयांश भाग कामातून गेलेला असतो. मग लघवी पातळ आणि पुष्कळ होते, आणि त्या मागोमाग तहान. आमच्याकडे हे आधी ट्रेत कळलं. ओली झाली की गोळा बनणारी जी वाळू मिळते, तिचे गोळे लिंबाएवढे असायचे ते मोसंबीएवढे झाले. चिंगी बाथरूममधल्या बादलीच्या काठावर मान टाकून लपालपा प्यायला लागली, ते त्यानंतर. मधुमेहातही असंच होतं, थायरॉइडमध्येही. रक्त-लघवी तपासल्याशिवाय वेगळं करता येत नाही. मूत्रपिंड पुन्हा नवं होत नाही, पण आहार बदलून आणि बीपी सांभाळून मांजर कितीतरी काळ बरं राहू शकतं. म्हणून पाणी कमी ठेवायचं नाही हं, उलट दोन-तीन ठिकाणी ठेवायचं. फक्त खूश व्हायचं नाही.

वाळण्याचं गणित सोपं आहे. चार किलोच्या मांजराचं चारशे ग्रॅम वजन उतरलं तर ते साठ किलोच्या बाईने सहा किलो गमावल्यासारखं. केसांमुळे डोळ्याला कळत नाही. मी महिन्यातून एका रविवारी चिंगीला कुशीत घेऊन काट्यावर उभी राहते, मग एकटी, आणि वजाबाकी कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिते. थोड्या ग्रॅमांचा फरक काटा धरत नाही, पण उतरण धरतो.

‘दुखत असतं तर ओरडलं नसतं का?’ नाही. मांजर शिकारी आहे, पण इतकं लहान की कुणाचीही शिकार होऊ शकतं. अशा प्राण्याला दुखणं जाहीर करणं परवडत नाही. १२ वर्षांपुढच्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासले गेले होते, त्यातल्या ९० जणांच्या सांध्यांत झीज होती. त्यांतली लंगडणारी फार थोडी, कारण मांजराचे बहुधा दोन्हीकडचे सांधे झिजतात, मग लंगडणार तरी कोणत्या पायाने? ते फक्त वागणं बदलतं. चिंगी पूर्वी जमिनीवरून थेट ओट्यावर जायची. मग स्टूल, सिलिंडर, ओटा असे टप्पे आले. मग ती स्टुलाखाली बसून वर बघायची, मान खालीवर करून अंतर मोजायची आणि निघून जायची. मी म्हटलं, चला, शहाणी झाली, ओट्यावरचे बांगडे वाचले! पाठीचा मागचा भाग ती चाटेनाशी झाली होती, तिथे केसांच्या गुठळ्या. फरशीवर चालताना नखांची टिकटिक यायला लागली, कारण खाजवणं बंद म्हणून नखं झिजेनात. एक तर वळून तळव्याच्या गादीत रुतलं होतं. यातली एकही गोष्ट ‘दुखतंय’ अशी ऐकू येत नाही.

पॅरासिटामॉलबद्दल मात्र सौम्य शब्द वापरणार नाही. हे वाक्य ज्याने कुणी लिहिलं त्याच्यामुळे मांजरं मरतील. हे औषध पचवून बाहेर टाकायला जी यंत्रणा लागते ती मांजराच्या यकृतात फार अपुरी असते. रक्त तपकिरी पडतं, ऑक्सिजन वाहून नेईनासं होतं, हिरड्या मातकट-निळ्या, तोंड आणि पंजे सुजतात. एका गोळीने मांजर दगावू शकतं आणि पाव तुकड्यालाही सुरक्षित म्हणता येत नाही. चुकून पोटात गेलं असेल तर ‘बघू काय होतंय’ नको, तडक दवाखाना. मांजरांसाठी वेदनाशामक वेगळी असतात आणि तीही मूत्रपिंडं बघून देतात. दुधाचं म्हणाल तर मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणांना ते पचत नाही, जुलाब होतात. चित्रातल्या मांजराचं सोडा.

तपासण्या महाग आहेत, हे मान्य. सगळ्यांना सगळं परवडत नाही, मलाही परवडलं नाही. पण परळला बैलघोडा हॉस्पिटल आहे, १८८६ साली सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. त्यांच्यापासून चालत दहा मिनिटांवर राहून मी गुंड्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळू दिल्या, याचं मला आजही वाईट वाटतं. आणि वजन करणं, ट्रे कापणं, ओट्यापाशी एक पायरी ठेवणं, याला तर पैसे लागत नाहीत.

मेसेजमधलं एक वाक्य मला पटलं: म्हाताऱ्या मांजराशी धीराने वागा. झोप वाढते, चाल मंदावते, हे वयाचं असतंच. बदल हळूहळू, वर्षभरात झाला तर मीही वयावर घालते, पण सांधे आणि मूत्रपिंडं तपासून झाल्यावरच. पंधरा दिवसांत झाला तर घालत नाही. एकदम लाडात येऊन सतत पायात घोटाळणं यालाही मी आता नुसतं प्रेम म्हणत नाही. दिसेनासं, ऐकू येईनासं झालं की मांजर माणसाला चिकटतं.

राहिला निरोप. गेल्या महिन्यात चिंगी दोन दिवस कपाटाखाली जाऊन बसली. जेवायला यायची, ताटली हुंगायची, एक घास घेऊन मान वाकडी करायची आणि परत कपाटाखाली. शेजारच्या काकू बघायला आल्या, हळू आवाजात म्हणाल्या, “सोड गं तिला आता, निघालीय ती.” डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिलं. खालची एक दाढ मुळापाशी पोखरली गेली होती, हिरडी लालबुंद. मूत्रपिंडं या वयात भूल सोसतील का ते आधी रक्तावरून पाहिलं, मग दाढ काढली. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी सुके बोंबील भाजायला घेतले तर कपाटाखालून आधी मिशा बाहेर आल्या, मग चिंगी. बोंबील खारट, तिला द्यायचे नाहीत. आठ दिवस माझ्याकडे पाठ करून बसत होती. डूख नाही धरत मांजरं, मघाशीच लिहिलंय मी.