नारिंगीवाला रोज पुढे पळतो कशाला?

एप्रिलमधले ते सहा दिवस आमच्याकडे रात्रीचं जेवण सायकल शर्यतीबरोबर होतं. स्पेनच्या उत्तरेला, बास्क प्रदेशात, इत्सुलिया नावाची ही शर्यत चालू असते. तिथे संध्याकाळचे सव्वापाच म्हणजे आपले पावणेनऊ. शेवटचा चढ आणि आमचा आमटी-भात साधारण एकाच वेळी संपतात. आईला सायकलिंगमधलं काही कळत नाही, पण नारिंगी जर्सी ती बरोब्बर ओळखते. एकदा म्हणाली, "अरे, हा नारिंगीवाला रोज पुढे पळतो, आणि रोज त्याला सगळे गाठतात. मग पळतो कशाला?"

प्रश्न बिनतोड आहे. मागचा घोळका म्हणजे शंभरावर माणसं, आळीपाळीने वारा कापणारी. पुढे पळालेले चार-पाच. जुनाजाणता हिशोब सांगतो की घोळक्याने मनावर घेतलं तर दहा किलोमीटरमागे एक मिनिट सहज कापतो. म्हणजे वीस किलोमीटर राहिले असताना दोन मिनिटांची आघाडी असेल, तर काय होणार ते पळणाऱ्यालाही ठाऊक असतं. तरी तो पळतो.

ती जर्सी युस्कालतेल-युस्कादी या संघाची. मूळ संघ १९९४ पासूनचा. बास्क मातीतली पोरं घ्यायची, निदान तिथल्या क्लबांत घडलेली तरी, हा त्यांचा हट्ट. (त्यांचा सामुएल सांचेझ शेजारच्या अस्तुरियस प्रांतातला होता, मान्य. पण घडला बास्क क्लबांतच. २०१२ मध्ये शेवटच्या दिवशीच्या टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे एकेकट्याने घड्याळाविरुद्ध पळण्यात, त्याने होआकिम रोद्रिगेसकडून इत्सुलिया खेचून घेतली. आता हट्टालाही थोडी ढील लागतेच.) २००१ मध्ये याच संघाचा लायसेका टूर द फ्रान्समध्ये लूझ आर्दिदेनचा चढ जिंकला, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही कडांना नुसता नारिंगी रंग होता. सीमा ओलांडून आलेली माणसं होती ती, आपल्या पोरांसाठी. २००३ मध्ये इबान मायोने घरची इत्सुलिया मारली. पुढे दुसऱ्या संघात असताना, २००७ मध्ये, तो डोपिंगमध्ये सापडला. तेही लिहायलाच हवं, नाहीतर आपण भक्त ठरतो.

माझा सगळ्यात आवडता दिवस मात्र २०११ मधला, आणि तो इत्सुलियातलाही नाही. राजकीय तणावापायी स्पेनची मोठी शर्यत, व्हुएल्टा, १९७८ नंतर बास्क प्रदेशात फिरकलीच नव्हती. तेहतीस वर्षांनी ती बिल्बाओत आली आणि जिंकला कोण? इगोर अंतोन. शेजारच्या गाल्दाकाओचा, नारिंगी जर्सीतला.

मग दोनच वर्षांत संघ बंद. पैसा आटला हे खरंच, पण त्याआधी एक गोष्ट झाली होती आणि माझा राग तिच्यावर आहे. संघांच्या वरच्या वर्गात टिकायचं तर रँकिंगचे गुण लागतात. म्हणून २०१३ साठी त्यांनी बाहेरचे रायडर घेतले, का, तर त्यांच्या खात्यात लांबलांबच्या शर्यतींत कमावलेले गुण होते. हट्ट मोडला आणि संघही वाचला नाही. फॉर्म्युला वनवाला फर्नांडो अलोन्सो विकत घेणार होता, तेही फिसकटलं.

आज नारिंगी रंग परत आलाय, बास्क रायडर मिकेल लांदाने हात दिलेल्या फाउंडेशनमुळे, पण दुसऱ्या वर्गात. इत्सुलियात ते खेळतात ते आयोजकांच्या आमंत्रणावर. आणि गुणांचं भूत आता सगळ्यांच्याच मानगुटीवर आहे: तीन वर्षांची बेरीज, पहिल्या अठरांत नसाल तर खाली. त्यामुळे मोठ्या बजेटचे संघसुद्धा शर्यतीत शर्यत बघत नाहीत, खतावणी बघतात. सातवा-आठवा नंबर सांभाळत चढ चढणारा रायडर बघायला मला सायकलिंग नको. त्यापेक्षा तासाभरात पकडला जाणार हे माहीत असून स्वतःच्या गावातून पहिला जाणारा परवडला.

कारण इत्सुलियात तो का पळतो ते दिसतं. अरुंद रस्ता, पाऊस, छत्र्या, लाल-हिरवे-पांढरे झेंडे. ऐबारच्या वर अरातेचा चढ आहे, तिथे तर माणसं इतकी पुढे येतात की रायडरला जेमतेम हँडलएवढी वाट उरते. मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाट आधी चढणाऱ्याला आपल्याकडे 'घाटाचा राजा' म्हणतात ना, शर्यत कुणीही जिंको? तसंच हे. आणि इत्सुलिया जिंकणाऱ्याच्या डोक्यावर चापेला चढवतात, म्हणजे बास्क टोपी, अशी ऐसपैस की माणूस खाली हरवतो. परदेशी विजेते ती घालून ओशाळवाणे हसतात. बास्क पोराला मात्र ती शोभते.

हे सगळं मी आईला सांगितलं, बरंच लांबण लावून. तिने ऐकलं, ताटं उचलली. दुसऱ्या दिवशी ओट्यापाशी उभी राहूनच विचारलं, "धरला का रे त्याला?"

"धरला."

"किती राहिलं होतं?"

"अकरा किलोमीटर."

"कालच्यापेक्षा बरा मग," म्हणाली आणि आमटी गरम करायला वळली.