‘मेणबत्तीचं रसायन’ : खरखरीतरावांना उत्तर

‘खरखरीत’ या टोपणनावाने आलेली प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दाढीच्या साबणाच्या माझ्या कृतीत निम्मं स्टिअरिक अ‍ॅसिड (मेणासारखं घट्ट मेदाम्ल) आहे, त्यावर यांचं म्हणणं: “मेणबत्तीचं रसायन ओतायचं आणि वर पारंपरिक म्हणवून घ्यायचं, वा!” शिवाय घरात कॉस्टिक (तेलाचा साबण करणारा दाहक क्षार) आणायला सांगणं बेजबाबदारपणाचं आहे, बाजारातली ट्यूब स्वस्त पडते आणि यांच्या बोअरच्या पाण्यात फेस “उलट्या हातापर्यंत टिकत नाही” (म्हणजे केसांच्या उलट दिशेने वस्तरा फिरवेपर्यंत). शेवटी फुकटचा सल्ला: “इकडून तिकडून उचलून लिहिणाऱ्यांनी आधी दाढी करायला शिकावं.”

वस्तरा दगडावर लावायला मी मिसरूड फुटायच्या वयात शिकलो, त्यामुळे सल्ला साभार परत. शंका विचारायला माझी कधीच ना नाही. पण ‘वा!’ ही शंका नव्हे. आपल्याकडे माणूस दोन ओळी लिहितो त्यातली दीड टोमण्याची असते, आणि मग उरलेल्या अर्ध्या ओळीला उत्तर मिळालं नाही म्हणून रागावतो. असो. ट्यूब स्वस्त पडते, हे मान्य. त्यावर वाद नाही.

आता ते ‘मेणबत्तीचं रसायन’. स्टिअरिक अ‍ॅसिडच्या मेणबत्तीचं पेटंट शेव्हरल आणि गे-ल्युसाक या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८२५ साली घेतलं. ज्या दुधारी पात्याच्या रेझरला तुम्ही ‘आजोबांचा खरा रेझर’ म्हणता, त्याचं जिलेटचं पेटंट १९०४ चं. म्हणजे वयाचाच हिशेब करायचा, तर तुमचा रेझर माझ्या रसायनापुढे कालचं पोर आहे.

पण वय सोडा. स्टिअरिक हे तेला-तुपात असतंच. युरोपातले जुने दाढीचे साबण गुराच्या चरबीचे, आणि तिच्यात साधारण पाचवा हिस्सा स्टिअरिक. ती चरबी तुमच्या स्वयंपाकघरात कढवणार आहात का? आपल्याकडे कोकमाचं तेल आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात बिया वाळवून, कुटून, पाण्यात उकळतात, वर आलेलं तेल काढून त्याचे हाताने गोळे वळतात आणि थंडीत टाचांच्या भेगांना लावतात. त्या गोळ्यात निम्म्याहून जास्त स्टिअरिकच आहे. कॉस्टिक पोटॅशशी गाठ पडली की कोकमातलं स्टिअरिक आणि पिशवीतलं स्टिअरिक, दोन्हींचं पोटॅशियम स्टिअरेटच, म्हणजे साबणच होतं. फेसाला त्यांची कुळं कळत नाहीत.

मग नुसतं कोकम का नको? कारण त्यात तिसऱ्या हिश्शाहून जास्त ओलेइक (पातळ मेदाम्ल) आहे. त्याने वस्तरा घसरतो छान, पण फेसाला अंग येत नाही. खोबरेलाचं उलटं: फेस झटकन, मोठ्या बुडबुड्यांचा, तितक्याच झटकन बसणारा, आणि जास्त झालं की कातडी ओढली जाते. गालावर दाट, बारीक, न सुकता थांबणारा थर हवा असेल तर तो स्टिअरिकच देतं. म्हणून ५०० ग्रॅमच्या घाण्याला माझं माप: स्टिअरिक २५०, कोकम तेल १००, खोबरेल १००, एरंडेल ५०. पाणी २५० ग्रॅम. कॉस्टिक पोटॅश ७६ आणि कॉस्टिक सोडा २१ ग्रॅम. यात पाच टक्के तेल मुद्दाम मोकळं, म्हणजे साबण न होता राहील असं ठेवलंय. सगळा सोडाच घातलात तर वडी इतकी टणक होते की थंड पाण्यात ब्रशला काही लागतच नाही. सगळं पोटॅश घातलंत तर साबण मऊ राहतो, डबीतच ठेवावा लागतो.

पोटॅशचा ७६ हा आकडा ९० टक्के शुद्धतेच्या मालाचा आहे. बाजारात बहुतेक तोच मिळतो, कारण पोटॅश हवेतलं पाणी ओढून घेतं. शंभर टक्के शुद्ध धरून ६९ ग्रॅमच घातलंत तर मोकळं तेल पाचाऐवजी अकरा-बारा टक्क्यांवर जातं आणि फेस तिथेच दबतो. खरखरीतराव, तुम्ही किती घातलं होतंत? प्रतिक्रियेत त्याचा उल्लेख नाही. ‘वा!’ला मात्र जागा होती.

दुसरी नेहमीची चूक तापमानाची. स्टिअरिक ६९ अंशांना वितळतं. तेलं ६० वर असताना कॉस्टिकचं पाणी ओतलं की स्टिअरिक गोठतं, वरून साबण धरतो आणि आत कोरडे पांढरे खडे राहतात. भांडं ७५-८० वर हवं, दुहेरी भांड्यात. तरीही ओतल्या ओतल्या सगळं घट्ट होऊन उलथन्याला चिकटतं. ते बिघडलेलं नसतं. तेलाचं आधी विघटन व्हावं लागतं, स्टिअरिक मुळातच मोकळं आम्ल, म्हणून त्याचा साबण क्षणात होतो. तिथे हँड ब्लेंडर घातलात तर मोटर जळेल. झाकण ठेवून तासभर मंद आचेवर राहू द्या, मधून उलथन्याने दाबून फिरवा. हळूहळू तो सैल, अर्धपारदर्शक होतो. मोकळ्या आम्लातून ग्लिसरीन सुटत नाही, म्हणून शेवटी वरून ४०-५० ग्रॅम घालायचं. हे टाळलं तर वडी भुसभुशीत होते, काढताना कडा सुटतात.

कॉस्टिकचा बेजबाबदारपणा? मूळ लेखात चष्मा, रबरी हातमोजे, स्टीलचंच भांडं (अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं आणि हायड्रोजन सुटतो) आणि पाण्यात कॉस्टिक घालायचं, कॉस्टिकवर पाणी नाही, हे सगळं लिहिलेलं आहे. वाचायचे कष्ट मात्र तुमचे तुम्हालाच घ्यावे लागतील.

राहिलं बोअरचं पाणी. तुमच्या विहिरीतलं कॅल्शियम मी घातलेलं नाही. जड पाण्यात कोणताही साबण थोडा मरतो, कारण कॅल्शियम त्याला धरून चिकट साका करतं. दाढीपुरतं तांब्याभर गाळणीयंत्राचं, म्हणजे आरओचं पाणी घ्या, प्रश्न मिटला. साबणातच सोय हवी असेल तर ५०० ग्रॅमच्या घाण्याला ५ ग्रॅम लिंबूसत्व (सायट्रिक आम्ल) घाला. ते आम्ल असल्याने आपल्या वाटणीचं पोटॅश खातं, म्हणून ७६ च्या जागी ८१ ग्रॅम घ्या. लिंबूसत्व आधी पाण्यात विरघळवायचं, मग थोडं थोडं पोटॅश. आणि ब्रश नुसता झटकून घ्या, पिळू नका. साबणावर निदान अर्धा मिनिट फिरवा, मग पाणी थेंबाथेंबाने वाढवा. सुरुवातीलाच पाणी जास्त झालं तर आरओचं असो की बोअरचं, फेस पातळच होणार.