मुडबिद्रीचं कुलूप आणि माझं कपाट

दादाचा निरोप वाचला आणि रविवार कडू झाला. सोलापुरात बाळीवेशीजवळच्या आमच्या जैन मंदिरातल्या पोथ्यांचे फोटो काढून सर्वांना वाचायला द्यावेत, असं कुणी सुचवलं, तर विश्वस्तांनी साफ नकार दिला. दादाही त्यांच्याच बाजूचा: "पोथी बाहेर गेली की गेली. तुम्हा परदेशातल्यांना नाही कळायचं."

मला न कळायला काय झालं? श्रुतपंचमीला, म्हणजे शास्त्रग्रंथांच्या पूजेच्या सणाला, त्या पोथ्या पूजेपुरत्या बाहेर येतात आणि पुन्हा वेष्टनात जातात. ज्या षट्खंडागम या प्राचीन दिगंबर ग्रंथासाठी हा सण, त्यावरची 'धवला' ही टीका कर्नाटकातल्या मुडबिद्रीच्या बसदीत (जैन मंदिरात) ताडपत्रांवर अशीच बंद होती. दर्शन घ्या, वाचू नका! तिची नक्कल व्हावी म्हणून खटपट केली ती आपल्या सोलापूरच्या शेठ हिराचंद नेमचंदांनी, वालचंदांच्या वडिलांनी. १८९६च्या सुमारास काम सुरू झालं, पण प्रत बसदीबाहेर न्यायची नाही, या अटीवर. मग नक्कल करणाऱ्या गजपती शास्त्रींनी गुपचूप आणखी एक प्रत उतरवली. ती सहारनपूरला पोचली, तिथूनही तशीच लपतछपत पुढे गेली. १९३९ मध्ये हीरालाल जैन यांनी अमरावतीहून पहिला खंड छापला, तो अशा प्रतींच्या जोरावर. दार उघडं असतं तर गजपती शास्त्रींवर चोरून लिहायची वेळ आली नसती. सोलापूरच्या माणसाने तरी हे विसरू नये.

इथून ट्रेनने तासाभरावर स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॅलनचं मठ-ग्रंथालय. १४१६ मध्ये पोज्जो या इटालियन विद्वानाला तिथे क्विंटिलियन या प्राचीन रोमन लेखकाचा वक्तृत्वावरचा संपूर्ण ग्रंथ सापडला, त्यानेही तो हाताने उतरवून घेतला. आज तिथली हस्तलिखितं मी ट्राममध्ये फोनवर बघते. हे सगळं दादाला लिहिलं. एक मात्र गाळलं. १७१२च्या लढाईत याच मठाची हस्तलिखितं झुरिचने उचलून नेली, आणि परत न दिलेल्यांचा वाद २००६ मध्ये मिटला. मी राहते झुरिचला.

आणि माझ्या कपाटात आजीची पोथी आहे. निघताना मीच मागून घेतली, "जपते" म्हणाले. बारा वर्षांत तिचं एक पान कुणाला दाखवलं नाही. ती जवळ असली की आपण अजून त्या घरातले आहोत असं वाटतं, म्हणून.

काल तिच्यावरचा इरकली लुगड्याचा तुकडा सोडला. पहिल्याच पानाच्या कडेला हळदीच्या बोटाचा पिवळा ठसा. खिडकीशी धरून चार पानांचे फोटो काढले, पाठवले.

दादाचं उत्तर लगेच आलं: "आजोबांचं अक्षर आहे गं. बाकीची पानं?"