सात दिवसांच्या गोळ्या

परभणीत वसमत रस्त्यालगतच्या आमच्या कट्ट्यावर मागच्या रविवारी वाद पेटला, तो अप्पांच्या खिशातून निघालेल्या गोळ्यांच्या पट्टीवरून. दहाच्या पट्टीतून सात गोळ्या देण्यासाठी ती कात्रीने वेडीवाकडी कापलेली होती. औषधाचे नाव निम्मेच उरले होते आणि मुदतीची तारीख उरलेल्या तीन गोळ्यांबरोबर दुसऱ्याच कोणाच्या तरी घरी गेली होती. रक्तदाबाच्या या गोळ्यांसाठी अप्पा दर आठवड्याला गावाहून एसटीने अर्धे तिकीट काढून सरकारी दवाखान्यात येतात, केस पेपरच्या रांगेत उभे राहतात आणि दुपार टळल्यावर परततात. सोयाबीनच्या काढणीत दोन खेपा चुकल्या आणि तेवढे दिवस ते गोळ्यांविना राहिले.

गुरुजींनी हा सरळ अप्पांचा आळस ठरवला. आमच्यातला फार्मासिस्ट, जो एका सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर बसतो, तो मात्र म्हणाला की गोळी गुणकारी आहे हे केव्हाच सिद्ध झाले असून ती माणसाच्या पोटात रोज कशी जाईल, हा वेगळा आणि तितक्याच कसोशीने करायच्या संशोधनाचा विषय आहे.

“यात संशोधन कसले?” असे गुरुजींनी विचारले. डॉक्टर खुर्चीत असावा आणि औषध कपाटात असावे, एवढे कळायला शास्त्रज्ञ कशाला हवा, असा त्यांचा मुद्दा होता. त्यावर फार्मासिस्टाने मद्रासचा दाखला दिला. क्षयाच्या रुग्णाला सॅनेटोरियममध्येच ठेवले पाहिजे, हे एके काळी सर्वांनाच उघड वाटत होते. परंतु मद्रासमध्ये काही रुग्णांना दाखल करून आणि काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच ठेवून तीच औषधे दिली गेली, तेव्हा घरचे रुग्णही जवळजवळ तितकेच बरे झाल्याचे 1959 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांतून दिसले. उघड वाटणारी गोष्ट मोजल्यावर खोटी ठरली, हे गुरुजींनाही मान्य करावे लागले.

खरी अडचण अप्पांनी पुढे आणली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 39 गावांत प्रशिक्षित आरोग्यदूतांकरवी नवजात बाळांची घरोघरी काळजी घेतली आणि तुलनेसाठी 47 गावे ठेवली, तिसऱ्या वर्षापर्यंत पहिल्या गावांतला नवजात मृत्युदर तुलनेत सुमारे 62 टक्क्यांनी खाली आला, हे फार्मासिस्टाकडून ऐकून अप्पांनी विचारले, “आणि त्या सत्तेचाळीस गावांतल्या लेकरांचे काय?” कट्टा क्षणभर गप्प झाला. त्या गावांत सरकारी सेवा नेहमीप्रमाणे चालू होत्या आणि तुलना नसती तर फरक आरोग्यदूतांमुळे पडला की एखाद्या बऱ्या पावसापाण्याच्या वर्षामुळे, हे सांगता आले नसते, असे उत्तर फार्मासिस्टाने दिले. ते बरोबर आहे. तरीही अप्पांचा प्रश्न त्याने पुरता मिटत नाही, असे मला अजून वाटते.

गुरुजी मग उत्तर प्रदेशावर गेले. तिथे 120 आरोग्य केंद्रांपैकी निम्म्यांत प्रसूतीच्या वेळी करायच्या गोष्टींची यादी देऊन कर्मचाऱ्यांना हाताला धरून शिकवण्यात आले होते. दोन महिन्यांनी पाहिले, तर बाळंतपणानंतर लगेच द्यायचे, रक्तस्राव रोखणारे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन त्या केंद्रांत 80 टक्के प्रसूतींत दिले जात होते, तर इतर केंद्रांत 21 टक्के. मात्र 2017 साली आलेल्या निष्कर्षानुसार नवजात मृत्यूंत फरक पडला नाही. “मग पैसा पाण्यातच गेला ना?” असे ते म्हणाले. माझे मत उलटे आहे. मृत्यू मोजलेच नसते, तर इंजेक्शनांच्या आकड्यावर टाळ्या घेऊन तीच यादी देशभर चिकटवली गेली असती आणि कशात कमी पडलो, हा प्रश्न कोणी विचारलाच नसता.

पुन्हा गोळ्यांवर आलो. 2017 पासून चाललेल्या राष्ट्रीय रक्तदाब नियंत्रण कार्यक्रमात ठरावीक औषधोपचार, महिनाभराच्या गोळ्या एकदम आणि घराजवळच्या केंद्रात तपासणी अशी पद्धत आहे. महाराष्ट्रातले पहिले जिल्हे सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा होते, हे कळताच गुरुजींनी त्यांत मराठवाडा शोधला आणि तो नाही म्हणून ते फार्मासिस्टावरच घसरले. त्याने शांतपणे सांगितले की साठा मागणीपेक्षा कमी येतो. एकाला महिन्याच्या गोळ्या दिल्या तर मागचे तिघे रिकाम्या हाताने जातात, म्हणून कात्री चालवावी लागते.

साठा कमी का येतो, हे विचारल्यावर बोलता बोलता बाह्यरुग्ण नोंदवहीचा विषय निघाला. त्या वहीत माणसे मोजली जात नाहीत, खेपा मोजल्या जातात; म्हणजे अप्पा महिन्यातून चारदा आले की चार नोंदी होतात, दवाखाना गजबजलेला दिसतो आणि दोन खेपा चुकल्या तर अप्पा गोळ्यांविना आहेत, हे त्या वहीत कुठेच उमटत नाही.

अप्पांनी पट्टी घडी करून खिशात घातली आणि फार्मासिस्टाला म्हणाले, “तुझ्या वहीत मी एकटा महिन्याला चार जण आहे ना? मग पुढच्या वेळी चौघांच्या गोळ्या दे.”