अण्णांच्या गोळ्या मोजल्या तो दिवस

"गोळी घेतली का?" हा प्रश्न मी तीन वर्षं रोज रात्री साडेआठला लातूरहून गावाकडं फोन करून अण्णांना विचारत होते. उत्तर ठरलेलं, "घेतलो की बाई." फोन ठेवला की मलाही बरं वाटायचं, लेकीनं लक्ष दिलं म्हणून. आज स्पष्ट लिहिते, तो प्रश्नच चुकीचा होता. त्यापायी अण्णांच्या जिवावर बेतलं होतं.

एप्रिलमध्ये त्यांना तपासायला नेलं तर बीपी १७० च्या वर. गोळ्या नियमित आहेत ना, असं डॉक्टरांनी विचारलं. अण्णा हो म्हणाले, मीही हो म्हणाले. आमच्या शब्दावर त्यांनी जुन्या गोळीच्या जोडीला रोजची आणखी एक नवी गोळी वाढवली. मेमध्ये शाळेला सुट्टी लागली, मी गावी गेले आणि रोजच्या गोळ्या माझ्या हातानं द्यायला लागले. पाचव्या दिवशी पहाटे अण्णा बाजेवरून उठून गोठ्याकडं निघाले आणि दावणीपाशी चक्कर येऊन कोसळले. कपाळाला खोक पडली. तालुक्याला नेलं तेव्हा बीपी ९०/६०, त्यात उन्हाळ्यानं अंगातलं पाणी कमी झालेलं. तिथल्या डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, "याआधी खरंच रोज घेत होते का?"

घरी येऊन मी कोनाड्यातला बिस्किटाचा डबा जमिनीवर ओतला. बिल २२ दिवसांपूर्वीचं, बीपीच्या नव्या गोळ्या ३०. उरायला हव्या होत्या ८, निघाल्या १७. पोटात गेल्या १३, त्यातल्या ४ मी दिलेल्या. म्हणजे मी येण्याआधीच्या १८ दिवसांत फक्त ९. जुनीचंही असंच झालं असणार. डॉक्टरांनी डोस वाढवला होता तो न घेतलेल्या गोळीवर, आणि मी तो वाढलेला डोस एकदम पूर्ण द्यायला लागले होते.

रागवायला तोंड उघडलं, तेवढ्यात अण्णाच म्हणाले, "इसरतो गं. आन् नाही म्हनलं की तू वरडतीस. म्हनून घेतलो म्हनायचं."

ते वाक्य अजून काळजात रुतून आहे. मी ओरडत होते म्हणून ते खोटं बोलत होते, आणि ते खोटं मी डॉक्टरांच्या टेबलापर्यंत नेलं. घरोघरी हेच चालू आहे, याची मला खात्री आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालात आहे की श्रीमंत देशांतसुद्धा जुनाट आजाराचे साधारण निम्मेच रुग्ण औषधं सांगितल्याप्रमाणं घेतात, गरीब देशांत त्याहून कमी. दाढ दुखली की गोळीची आठवण दाढच करून देते. बीपी दुखत नाही. मग आठवण राहायची कशी? म्हाताऱ्या माणसाला "लक्षात कसं राहत नाही तुमच्या" असं म्हणणं मला आता क्रूर वाटतं.

आणि सगळं विसरणंही नसतं. डब्यात एक अख्खी स्ट्रिप न फोडलेली होती. गेल्या महिन्यात दुकानात दुसऱ्या कंपनीची तीच गोळी मिळाली, पांढरीची गुलाबी झाली. अण्णा हरिपाठ घडाघडा वाचतात, पण स्ट्रिपवर सगळं इंग्रजी. चुकून आली असेल म्हणून त्यांनी ती बाजूला ठेवून दिली. गोळी कोणती आणि कशाची, हे दुकानातच विचारून स्केचपेननं मराठीत लिहून आणायला कितीसा वेळ लागतो? मेडिकलवाले स्ट्रिप कापून देतात तेव्हा नाव आणि मुदत नेमकी दुकानात उरलेल्या तुकड्यावर राहून जाते. नाव असलेला तुकडा मागून घ्या.

आता आमच्याकडं जुना मिसळणाचा डबा आहे. त्यात सात वाट्या, सात वार. स्ट्रिप कात्रीनं कापून एकेक गोळी तिच्या कप्प्यासकट वाटीत टाकते, उघडी ठेवत नाही. नावाचा तुकडा वेगळ्या पाकिटात. नातवंडं येतात म्हणून डबा उंच फळीवर. बीपीची सकाळच्या चहाबरोबर. शुगरची भाकरीच्या ताटाजवळ, कारण ती घेऊन जेवण राहिलं तर घाम फुटतो, हातपाय थरथरतात. एकादशीला काय करायचं हे आधीच डॉक्टरांना विचारून ठेवलं. एखादी राहिलीच तर आठवल्यावर घ्यायची, पुढची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्यायची, दोन एकदम कधीच नाहीत. इन्सुलिन, रक्त पातळ करण्याची गोळी, फिट्सची गोळी, यांचं मात्र प्रत्येकानं आपल्या डॉक्टरांकडून वेगळं समजून घ्यावं.

पण मिसळणाचा डबा घर असलेल्यांसाठी. धारूरकडचे आमचे पाहुणे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, पाच-सहा महिने कोपीत, म्हणजे झोपडीत. पहाटे अंधारात फडात जाणाऱ्या बाईच्या कागदावर "सकाळी नाष्ट्यानंतर" लिहिलेलं असतं. कुठला नाष्टा? तिची पहिली भाकरी कधी, हे कुणी विचारतच नाही. निघताना किती दिवसांच्या गोळ्या सोबत द्यायच्या, हेही नाही.

त्या दिवशी डब्याच्या तळाशी आणखी एक स्ट्रिप निघाली. मायची थायरॉइडची. मुदत जानेवारीतच संपलेली. ती रिकाम्या पोटी घ्यायची असते, नंतर अर्धा-एक तास चहासुद्धा नाही. माय उठल्या उठल्या चुलीपुढं बसते ती चहा घेऊनच. तीन वर्षं रोज फोन केला मी, त्यात मायला एकदाही विचारलं नव्हतं.

आता अण्णांना विचारते, "आज कोणती वाटी रिकामी झाली?" नाही झाली तर ते तसं सांगतात आणि मी ओरडत नाही. मग फोन मायकडं द्यायला लावते. पहिल्या दिवशी ती कितीतरी वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "माझं काय बाई... उद्यापासून घेते."